सहभागातला 'भाग' कुठे आहे?

साताऱ्याहून ठोसेघरचा धबधबा बघायला गेलेली माणसं बहुतेक वेळा गाडी तशीच पुढे चाळकेवाडीच्या पठारावर नेतात. तिथे पवनचक्क्या आहेत. दुरून त्या खेळण्यातल्या भिरभिऱ्यांसारख्या दिसतात. बुडाशी जाऊन उभं राहिलं की पातं खाली येताना दर वेळी 'भुप्प' असा आवाज येतो आणि सावली अंगावरून सरकत जाते. गवत पिवळं पडायला लागलं होतं त्या दिवसांत मी तिथे म्हशी राखणाऱ्या एका आजोबांशी बोलत उभा होतो.

"बाबा, ही चक्की कुणाची?"

"कंपनीची."

"कुठल्या कंपनीची?"

"ते काय ठावं. मधी मधी नाव बदलतंय."

"मग वस्तीवर लाईट हिचीच येते का?"

"लाईट बोर्डाची येती. ही जाती खाली."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ढग खाली जातात, पाणी खाली जातं, तशी वीजही खाली जाते, एवढंच त्यांनी सांगितलं. मला मात्र ते उत्तर पुढे कित्येक दिवस सोडेना. या डोंगरावर वर्षानुवर्षं धुराशिवाय वीज तयार होते आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्यांच्या डोक्यावर ती पाती फिरतात, त्यांचा या सगळ्यात वाटा काय, तर बघण्याचा.

हे असं का झालं, ते समजायला अवघड नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पवनचक्की घेणाऱ्या उद्योगांना करात मोठी सवलत होती. यंत्राची सगळी किंमत पहिल्याच वर्षी घसारा, म्हणजे यंत्राची झीज, म्हणून दाखवून नफ्यातून वजा करता यायची. त्यामुळे ज्यांना नफ्यावरचा कर वाचवायचा होता, त्यांनी चक्क्या घेतल्या. अशा मालकाला पठारावर राहायची गरज नव्हती, आणि पठारावर राहणाऱ्याला मालक होण्याची वाट ठेवलेली नव्हती.

कोळसा आणि तेल सोडून सूर्य, वारा, पाणी, जैविक कचरा यांच्याकडे वळणं म्हणजे ऊर्जा संक्रमण. यात 'लोकसहभाग हवा' असं प्रत्येक सरकारी कागदावर लिहिलेलं असतं. तो का हवा, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. कोळशाची वीज एका जागी तयार होते. चंद्रपूर, कोराडी, परळी अशा काही ठिकाणांनी धूर आणि राख सोसली आणि बाकीच्या महाराष्ट्राने बटण दाबलं. सूर्य आणि वारा असे एका जागी गोळा करता येत नाहीत. ते पातळ पसरलेले असतात. त्यांच्यासाठी गच्च्या लागतात, माळ लागतात, पठारं लागतात, गावाजवळची जमीन लागते. म्हणजे वीजनिर्मिती आता लोकांच्या दारात येणार. दारात आलेल्याला घरात घ्यायचं की दारातच अडवायचं, हे घरचा माणूस ठरवतो. पठारं आणि गायरानं लोकांना बाजूला ठेवून वापरायची म्हटली, तर आज ना उद्या काम अडतं.

आपल्या शब्दातच याचं उत्तर दडलेलं आहे असं मला वाटतं. सहभाग. त्यात 'भाग' आहे. भागधारकातला, भागभांडवलातला तोच भाग. सभेला बोलावलं, चहा दिला, सही घेतली, याला हजेरी म्हणतात. भाग म्हणजे मालकीत, निर्णयात किंवा मिळकतीत हिस्सा. तो असला की काय होतं, हे बघायचं तर डेन्मार्कमधल्या एका बेटावर जायला हवं.

बेटाचं नाव साम्सो. क्षेत्रफळ ११४ चौरस किलोमीटर, वस्ती चारेक हजार, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. बटाटे आणि स्ट्रॉबेरी पिकवणारे शेतकरी, उन्हाळ्यात येणारे पर्यटक, आणि एक कत्तलखाना, ज्यात शंभरेक माणसांना रोजगार होता. १९९७ मध्ये डेन्मार्कच्या ऊर्जा मंत्रालयाने एक स्पर्धा ठेवली: दहा वर्षांत आपली सगळी ऊर्जा नूतनशील, म्हणजे सूर्य-वाऱ्यासारख्या न संपणाऱ्या, स्रोतांतून कोण मिळवून दाखवेल? आराखडा पाठवायचा होता. साम्सोचा आराखडा बेटाबाहेरच्या एका अभियंत्याने तयार केला होता, आणि तो पहिला आला. बक्षिसाची रक्कम वगैरे काही नव्हती. बेटावरच्या बहुतेकांना तर आपण स्पर्धेत होतो हेच माहीत नव्हतं.

इथवरची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. बाहेरच्याने आराखडा केला, वरून मान्यता मिळाली. एरवी तो आराखडा कपाटात गेला असता. पण बेटावर सोरेन हर्मनसेन नावाचे एक शिक्षक होते. तिथल्याच शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले, शाळेत पर्यावरण शिकवणारे. ते या प्रकल्पाचे पहिले कर्मचारी झाले. त्यांनी भाषणं देत फिरण्यापेक्षा गावागावांत ज्या काही बैठका होतील, त्या प्रत्येक बैठकीला जायला सुरुवात केली. विषय कुठलाही असो, शेवटी दोन शब्द ऊर्जेबद्दल बोलायचे. कधी कॉफी, कधी बिअर. लोकांना आधी त्यात काहीच रस नव्हता. मग गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशी माणसं त्यांनी हेरली. आपल्याकडे पारावर जो माणूस 'व्हय' म्हटल्याशिवाय काही हलत नाही, तसा माणूस प्रत्येक गावात असतो, आणि तो डेन्मार्कमध्येही असतो. नेमका त्याच सुमारास तो कत्तलखाना बंद पडला. हाताला काम हवं होतं, आणि चक्क्या उभ्या करणं, घरांत गरम पाण्याचे पाइप टाकणं हे काम होतं.

२००० सालापर्यंत बेटाच्या जमिनीवर प्रत्येकी एक मेगावॅटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या नऊ शेतकऱ्यांनी स्वतः कर्ज काढून घेतल्या. उरलेल्या दोन सहकारी पद्धतीने, शेकडो रहिवाशांनी भाग घेऊन. या ११ चक्क्यांनी बेटाची विजेची गरज भागली. मोटारी आणि बोटी मात्र तेलावरच चालत होत्या, मग तेवढी ऊर्जा दुसरीकडून भरून काढायची म्हणून २००३ पर्यंत दक्षिणेला समुद्रात प्रत्येकी २.३ मेगावॅटच्या आणखी दहा चक्क्या उभारल्या. त्यांतल्या पाच तिथल्या नगरपालिकेच्या आहेत. घरं उबदार ठेवायला पूर्वी बहुतेक घरी तेलाची टाकी होती. आता बेटावरच्या काही गावांत शेतातला पेंढा केंद्रात जाळून पाणी तापवतात आणि ते जमिनीखालच्या पाइपांतून गावभर फिरवतात. उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटवणाऱ्या आपल्या कारखान्यांना ही कल्पना नवखी वाटणार नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो चक्क्यांच्या जागा ठरवतानाचा एक नियम. जिथून चक्की दिसते, तिथल्या माणसाला तिच्यात भाग घेण्याची संधी मिळायला हवी. याचा परिणाम असा, की चक्कीच्या आवाजाबद्दल आणि दिसण्याबद्दल कुरकुरणारी माणसं कमी झाली. तोच आवाज, तेच पातं. पण स्वतःच्या विहिरीवरच्या मोटारीचा आवाज कुणाला टोचत नाही, ती बंद पडली की झोपमोड होते.

शेतकऱ्यांनी एवढं कर्ज काढण्याची हिंमत केली कशी? डेन्मार्कच्या सरकारने पवनविजेला दहा वर्षं ठरावीक दर मिळेल अशी हमी दिली होती. दर माहीत, वारा मोजलेला, म्हणजे हप्ता किती वर्षांत फिटेल ते वहीवर मांडता येत होतं. बँकाही त्या वहीवर विश्वास ठेवत होत्या. लोकसहभाग हा नुसत्या उत्साहावर उभा राहत नाही. त्याच्याखाली असा एक कोरडा, भक्कम कागद लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे सवय. डेन्मार्कमध्ये पहिली सहकारी डेअरी १८८२ मध्ये सुरू झाली. दूध एकत्र घालणाऱ्यांच्या नातवंडांना वारा एकत्र घालणं परकं वाटलं नाही. आणि इथे महाराष्ट्राने मान वर करून बघायला हवं, कारण ही सवय आपल्याकडेही आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी भाग घेऊनच तो उभा केला होता. भाग म्हणजे काय, सभासद म्हणजे काय, वार्षिक सभेत हिशेब कसा मागतात, हे आपल्या खेड्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

डेन्मार्कमध्ये सगळं सुरळीतच चाललं असं मात्र नाही. चक्क्या मोठ्या होत गेल्या, तशा त्या गावकऱ्यांच्या ऐपतीबाहेर गेल्या आणि मोठ्या कंपन्या आल्या. विरोध पुन्हा वाढला. २००८ च्या कायद्याने नव्या प्रकल्पातले किमान २० टक्के भाग आसपासच्या रहिवाशांना विकायला काढणं बंधनकारक केलं. २०२० मध्ये ती तरतूद काढून त्याऐवजी शेजाऱ्यांना दरवर्षी पैसे देण्याची पद्धत आली. पैसे मिळणं वेगळं आणि मालक असणं वेगळं. माझ्या मते हे एक पाऊल मागे आहे.

कोपनहेगनच्या बंदरासमोरची गोष्टही सांगायला हवी, कारण ती पैशाच्या भागाइतकीच निर्णयातल्या भागाची आहे. मिडलग्रुंडेन नावाच्या उथळ समुद्रात २७ चक्क्या तीन रांगांत उभ्या करायच्या, असा पहिला आराखडा होता. तो लोकांपुढे मांडला. शहराच्या समोर तीन रांगांची भिंत बरी दिसणार नाही, असं लोक म्हणाले. मग २० चक्क्या एकाच कमानदार ओळीत मांडल्या. निम्मी मालकी महापालिकेच्या वीजसंस्थेची आणि निम्मी सहकारी संस्थेची. तिचे ४०,५०० भाग साडेआठ हजारांहून अधिक सभासदांनी घेतले. आज विमान कोपनहेगनला उतरताना खिडकीतून जी पांढरी कमान दिसते, तिचा आकार लोकांच्या हरकतींनी दिलेला आहे.

आपल्याकडे हरकत घ्यायची सोय आहे का? आहे, आणि ती बऱ्याच जणांना माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तिच्यामागे एक कडू अनुभव आहे. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा वीजखरेदी करार १९९३ मध्ये झाला. तो लोकांसमोर खुला नव्हता. पुण्याच्या प्रयास संस्थेसारख्या अभ्यासकांनी आकडेमोड करून ही वीज राज्याला परवडणार नाही असं सांगितलं होतं. १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, तेव्हा ते खरं ठरलं. त्याच काळात, १९९९ मध्ये, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. आता वीज कंपनीला दर बदलायचा असेल, तर आयोगापुढे अर्ज करावा लागतो, त्याचा गोषवारा वर्तमानपत्रात छापावा लागतो, आणि २००३ च्या वीज कायद्यानुसार आयोगाला लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्याच लागतात. महावितरणच्या दरासाठी मुंबईबरोबरच पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर अशा शहरांत जनसुनावण्या होत आल्या आहेत. अलीकडे त्या ऑनलाइनही होतात. वकील लागत नाही. मराठीत बोलता येतं. आणि आदेशात कुणाची काय हरकत होती, कंपनीने काय उत्तर दिलं, आयोगाचं म्हणणं काय, हे एकाखाली एक छापलेलं असतं.

हे सगळं नूतनशील ऊर्जेशी कसं जोडलेलं आहे? गच्चीवरच्या सोलरची वीज कोणत्या अटीवर घ्यायची, तिचा हिशेब कसा करायचा, रात्रीच्या आणि दिवसाच्या विजेला वेगळा दर ठेवायचा का, हे सगळं तिथेच ठरतं. जाहिरात बघून पॅनल बसवणारे हजारो, पण त्या पॅनलचं पुढच्या पंचवीस वर्षांचं गणित ज्या खोलीत होतं, तिथे जाणारे मोजके. मी एकदा असाच एका सुनावणीला गेलो होतो. एका शेतकऱ्याने जुनं बिल, पिशवीत घडी घालून आणलेलं, टेबलावर सपाट केलं आणि बोटाने एकेक रकाना दाखवत प्रश्न विचारले. सगळी खोली ऐकत होती.

गावाकडे हा प्रश्न सध्या गायरानावर येऊन थांबला आहे. शेतीपंपाला आठवड्यातले काही दिवस रात्रीची वीज मिळते. रात्री दोनला पाणी द्यायला उठलेल्या माणसाच्या पायाखाली साप, विंचू. जुन्नर-आंबेगावकडे तर बिबट्या. ही रात्रपाळी संपवायची म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. कल्पना सरळ आहे. उपकेंद्राच्या जवळ सौर प्रकल्प उभा करायचा आणि शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची. शेतकऱ्याने जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो तिला वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षांत पंधरा लाख. दिवसा पाणी मिळणं ही शेतकऱ्यासाठी किती मोठी गोष्ट आहे, हे ज्याने रात्री दारं धरली आहेत त्यालाच कळेल. ही योजना मला मनापासून हवी आहे.

पण गायरान रिकामं नसतं. सातबाऱ्यावर ती सरकारी जमीन असते. प्रत्यक्षात तिथे कुणाच्या शेळ्या चरतात, कुणी सरपण आणतं, आणि मराठवाड्यात तर कितीतरी भूमिहीन दलित कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ती कसतात. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह याच प्रश्नाचे होते. ग्रामसभेत ठराव करताना ज्याच्या नावावर काहीच नाही, तो मागच्या रांगेत बसलेला असतो. म्हणून ठराव होण्याआधी त्या जमिनीवर रोज कोण जातं, याची यादी गावाने स्वतः करायला हवी. आणि भाडं घेण्याच्या पुढेही जाता येईल. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. पंप चालून उरलेली वीज ते मंडळीमार्फत वीज कंपनीला विकू लागले. भूगर्भातलं पाणी उगाच उपसण्यापेक्षा वीज विकण्यात फायदा दिसू लागला, हा त्यातला आणखी एक लाभ. सहाच शेतकरी, पण ते विक्रेते होते. आपल्या विकास सोसायट्या, दूध संस्था, पाणीवापर संस्था यांना हे का जमू नये?

आता शहर, आणि आमची पुण्यातली सोसायटी. छत्तीस घरं, चार मजले, दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे. सामाईक बिल दर महिन्याला डोळे मोठे करायला लावणारं. सोलरचा विषय सर्वसाधारण सभेत आला तेव्हा पहिला अर्धा तास नेट मीटरिंग समजावण्यातच गेला. मी ते उसनवारीसारखं सांगितलं. दुपारी उन्हात आपली वीज जास्त होते, ती आपण वीज कंपनीला उसनी देतो. संध्याकाळी लिफ्ट आणि दिवे लागले की ती परत घेतो. मीटर दोन्ही बाजू लिहून ठेवतं, महिन्याअखेर वजाबाकी होते, आणि आपण जास्त घेतली असेल तेवढ्याच युनिटचे पैसे भरायचे. स्थिर आकार भरावाच लागतो, हेही सांगितलं. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत एकट्या घराला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. वीस किलोवॅट घ्यायचं ठरलं. उरलेली रक्कम सभासदांनी ठेवी म्हणून सोसायटीकडे दिली, बिलात वाचेल त्यातून परत घ्यायची. ज्यांच्याकडे शिल्लक नव्हती त्यांच्यावर सक्ती केली नाही.

भाडेकरूंचं काय, हा प्रश्न कुणी काढला नव्हता. सभेत बसायचा हक्कच त्यांना नसतो. सामाईक बिल कमी झाल्याचा फायदा त्यांच्या मेंटेनन्समध्ये दिसावा, अशी नोंद आम्ही इतिवृत्तात करून घेतली. चाळीत, झोपडपट्टीत राहणाऱ्यांना तर स्वतःची गच्चीच नसते. त्यांच्यासाठी दुसरीकडे उभारलेल्या पॅनलमधला वाटा आपल्या बिलात वळता करून घेण्याची पद्धत असते. दिल्लीत तिचे नियम २०१९ मध्येच झाले. ही वाट रुंद झाल्याशिवाय सौर ऊर्जा गच्चीवाल्यांचीच राहील.

ठेकेदाराने आणलेल्या नकाशात सगळी गच्ची पॅनलने भरलेली होती, कमरेएवढ्या उंचीवर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "वाळवणं कुठे घालायची?" दोघंतिघं हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांच्या हातच्या कुरडया अर्ध्या सोसायटीत जातात. मग नकाशा परत टेबलावर आला. पॅनल आठ फूट उंच खांबांवर घ्यायचे, म्हणजे खाली फिरता येईल, असं ठरलं. आणि उत्तरेकडचा एक पट्टा मोकळा सोडायचा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा पॅनलची सावली त्या पट्ट्यावर पडते; पण उन्हाळ्यात तो डोक्यावर येतो. मेच्या मध्याला तर पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो. वाळवणं नेमकी तेव्हाचीच. खांबांचा खर्च वाढला, तो सभेने मंजूर केला.

या एप्रिलमध्ये मी मीटरचा आकडा टिपायला वर गेलो, तेव्हा उत्तरेच्या पट्ट्यात पांढऱ्या धोतरावर कुरडया पसरलेल्या होत्या, चार कोपऱ्यांना चार विटा. काकू पॅनलच्या सावलीत स्टूल टाकून कावळे हाकत बसल्या होत्या. "आज किती झाली?" त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. त्यांनी तो खडूने भिंतीवर कालच्या आकड्याखाली लिहिला.